पीएच.डी. करताना गाण्याचा रियाज टिकवायचा कसा?

प्रयोगशाळेतली

नमस्कार. मी पुण्यात पाषाण परिसरातल्या एका संशोधन संस्थेत सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. करत आहे आणि सध्या माझे तिसरे वर्ष चालू आहे. मी मूळची सांगलीची. शाळेत असल्यापासून तिथल्याच एका बाईंकडे ख्यालगायन शिकले आणि एम.एस्सी.ला प्रवेश घेण्यापूर्वी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा उत्तीर्ण झाले. पुण्यात आल्यावर सदाशिव पेठेतल्या एका गुरुजींकडे शिकवणी सुरू केली. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तिथे जायचे असते. यंदा त्यापुढच्या विशारद प्रथम या परीक्षेला बसावे, अशी गुरुजींची आणि घरच्यांचीही इच्छा आहे.

माझी अडचण नीट कळावी म्हणून माझा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी साडेनऊला लॅबमध्ये पोहोचल्यावर आदल्या दिवशी रात्रभर ढवळत ठेवलेल्या अभिक्रियेचे टीएलसी, म्हणजे ती कुठवर आली ते दाखवणारी चाचणी, बघायची, ती पूर्ण झाली असेल तर वर्कअप करायचा, म्हणजे मिश्रण धुऊन उत्पादन बाहेर काढायचे, आणि मग त्यातली संयुगे वेगळी करण्यासाठी कॉलम लावायचा. कॉलम एकदा सुरू झाला की तो सोडून उठता येत नाही, कारण एकापाठोपाठ एक परीक्षानळ्या भरत राहतात आणि हवे असलेले संयुग नेमके कोणत्या नळ्यांत उतरते आहे हे सतत तपासावे लागते. दुपारनंतर नवी अभिक्रिया लावायची असते. तिला बऱ्याचदा ड्राय आइस आणि ऍसिटोनच्या बाथमध्ये उणे 78 अंशांवर सुरुवात करावी लागते आणि अभिकारक थेंबाथेंबाने सोडावा लागतो. संयुगाची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राचा स्लॉट मिळेल तेव्हा मिळतो, तो रात्री नऊचाही असू शकतो. शनिवारी ग्रुप मीटिंग असते. बुधवारची शिकवणी त्यामुळे वरचेवर बुडते आणि रविवारी गुरुजींसमोर बसते तेव्हा आठवड्याची सारी तयारी शनिवारी रात्री घाईने केलेली असते, हे त्यांना पहिल्या षड्जातच, म्हणजे पहिला सा लावतानाच, कळते.

वसतिगृहात एका खोलीत आम्ही दोघी राहतो. माझी खोलीमैत्रीण समजूतदार आहे, पण पहाटे पाच वाजता खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, लावून कोणाची झोप मोडायची नाही, एवढे भान मलाही ठेवावेच लागते. रात्री परत येते तेव्हा आवाज थकलेला असतो. पैशांची तशी ओढाताण नाही. ज्युनिअर रिसर्च फेलो असताना महिना 37,000 रुपये मिळत होते, आता सीनिअर झाल्यावर 42,000 मिळतात आणि त्यातून शिकवणीची फी सहज निघते. चणचण आहे ती वेळेची आणि त्याहून अधिक मनाच्या स्वस्थतेची. गायला बसले की अर्धवट राहिलेला शोधनिबंध आठवतो आणि लॅबमध्ये असले की बागेश्री रागातली एखादी जागा मनात घोळत राहते. माझे गाइड गाण्याच्या विरोधात मुळीच नाहीत, उलट संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात गायचा आग्रह ते स्वतः करतात. असे असूनही, रियाजाला दिलेला प्रत्येक तास मी संशोधनातून काढून घेते आहे, ही टोचणी काही जात नाही.

ज्यांनी संशोधन आणि संगीत ही दोन्ही कामे एकत्र केली आहेत, किंवा अशा विद्यार्थ्यांना शिकवले आहे, त्यांच्याकडून तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. इतक्या अनियमित दिवसात रियाज नेमका कसा बसवावा, विशारदची परीक्षा आता द्यावी की प्रबंध सादर झाल्यानंतर, आणि वसतिगृहात आवाज न करता काही उपयोगी अभ्यास करता येतो का? गाणे सोडून द्या, असा सल्ला मात्र कृपया देऊ नये. तो पर्याय मी विचारात घेतलेला नाही.

जुनी विद्यार्थिनी

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण हा प्रश्न विचारणारी मुले हल्ली मला माझ्याच वर्गात भेटतात. मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, आता नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि गाणे अजून चालू आहे.

आपल्या क्षेत्रातले सर्वांत ठळक उदाहरण आपल्याला माहीत असेलच. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, आणि ज्या मंडळाच्या परीक्षेविषयी आपण विचारता आहात त्याच मंडळाच्या त्या विशारद आहेत. प्रभा अत्रे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाची आणि पुढे कायद्याची पदवी घेतली आणि नंतर संगीतात डॉक्टरेट केली. ही नावे मी अभिमानाने घेते, पण ती घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी असे मला वाटते. अश्विनीताईंच्या घरात माणिक भिडे यांच्यासारखी गुरू आईच्या रूपाने होती. शिकवणी बुडण्याचा प्रश्न अशा घरात ज्या रीतीने सुटतो, त्या रीतीने तो वसतिगृहात सुटणार नाही. म्हणून या उदाहरणांतून दोन्ही गोष्टी शक्य आहेत एवढा विश्वास घ्यावा, वेळापत्रक मात्र स्वतःचे करावे.

माझा अनुभव असा की संध्याकाळवर विसंबलेला रियाज टिकत नाही. प्रयोगाला संध्याकाळ ठाऊक नसते. अभिक्रिया सहाला संपेल असे वाटते आणि ती नऊपर्यंत लांबते, आणि यात कोणाचाही दोष नसतो. त्याउलट, सकाळी लॅबमध्ये जाण्यापूर्वीचा वेळ आपल्याकडून कोणी मागत नाही. मी प्रयोगशाळेच्या इमारतीतच एक जागा शोधली होती. तळमजल्यावरची व्याख्यानाची खोली सकाळी सात ते नऊ रिकामी असे. रीतसर अर्ज करून परवानगी घेतली आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांनी किल्ली देण्याची नोंद सुरू केली. आपल्या संस्थेतही अशी एखादी खोली असणारच. तोंडी विचारून मिळालेली जागा परीक्षांच्या काळात हातची जाते, म्हणून अर्ज लेखीच करावा.

विशारदविषयी माझे मत स्पष्ट आहे. परीक्षा आता द्या. प्रबंध लिहिण्याच्या वर्षात डोके दुसऱ्या कशालाही जागा देत नाही आणि त्यानंतर नोकरीची, पोस्ट-डॉक्टरल संशोधनाची धावपळ सुरू होते. तिसऱ्या वर्षी जेवढा मोकळेपणा आहे तेवढा पुढे मिळेलच, याची खात्री नसते. शिवाय तारीख ठरलेली असली की रियाजाला एक दिशा राहते. मी मध्यमा आणि विशारद यांच्यामध्ये मोठे अंतर पडू दिले, तेव्हा रागांचे शास्त्र आणि भातखंडे व पलुस्कर या दोन्ही स्वरलेखन पद्धती पुन्हा पहिल्यापासून पाठ कराव्या लागल्या होत्या.

खर्ज

मी पुण्यात गायन शिकवतो. माझ्याकडे अभियंते आहेत, डॉक्टर आहेत आणि आपल्यासारख्या संशोधक विद्यार्थिनीही आहेत. वरच्या प्रतिसादातला सकाळच्या खोलीचा सल्ला अगदी योग्य आहे. परीक्षेच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे.

आपण लिहिले आहे की आठवड्याची तयारी शनिवारी रात्री घाईने होते. असे असताना परीक्षेचा अभ्यासक्रम हाती घेतला तर काय होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. रागांची संख्या वाढते, प्रत्येक रागाचा एक बडा ख्याल, एक छोटा ख्याल, ठरावीक आलाप आणि ठरावीक ताना पाठ होतात आणि विद्यार्थी उत्तीर्णही होतो. पण आवाज जिथे होता तिथेच राहतो, किंबहुना तयारीच्या घाईत थोडा खालावतो. विशारदची परीक्षा कधीही देता येईल. पंचविशीतला आवाज घडवण्याचा काळ मात्र पुन्हा येत नाही. माझ्या शिकवणीत असता तर मी आपल्याला सांगितले असते की हे वर्ष परीक्षेशिवाय काढा आणि एक सकाळचा व एक रात्रीचा असे दोनच राग धरा.

आता रियाज कसा बसवावा याविषयी. रोज चाळीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ काम होते, मात्र ती रोजची हवीत. पहिली दहा-बारा मिनिटे फक्त मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात घालवावीत. तानपुरा लावून मध्य षड्जावरून एकेक स्वर खाली उतरत जावे आणि आपल्या आवाजाला जिथपर्यंत ताण न देता जाता येईल तिथे थांबून प्रत्येक स्वर श्वास पुरेल तोवर ‘आ’कारात धरावा. बहुतेक मुलींचा षड्ज हार्मोनियमच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्टीच्या आसपास असतो, त्यामुळे मंद्र पंचमापर्यंतही आवाज भरीव लागला तरी समाधान मानावे. खर्ज मोठ्याने लावायचा नसतो. आवाज जेवढा शांत तेवढे कान अधिक काम करतात, आणि म्हणून वसतिगृहातही हा भाग खिडकी-दार लावून कोणाला त्रास न होता करता येईल. त्यानंतरची दहा मिनिटे पलट्यांना, म्हणजे स्वरांचे क्रम उलटसुलट फिरवून म्हणण्याला, द्यावीत. पलटे भैरवात करा किंवा यमनात करा, पण एका महिन्यात एकच राग ठेवा आणि लय वाढवण्याची घाई करू नका. उरलेला वेळ विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाला द्यावा. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण मिनिटाहून अधिक चालते. म्हणजे वीस मिनिटांत वीस-पंचवीस वेळा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे आहे. प्रत्येक आवर्तनात एकाच स्वरापर्यंत बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायची, पुढच्या स्वराला हात लावायचा नाही, असा नेम ठेवला तर या वीस मिनिटांत जे मिळते ते तासभर बंदिशी घोकून मिळत नाही.

रात्रीच गायला मिळत असेल तर रात्रीचे राग घ्यावेत. बागेश्री आपल्या मनात आधीच घोळतो आहे, तोच धरा, किंवा बिहाग घ्या. सकाळचा राग रात्री गाऊच नये अशी धास्ती विद्यार्थ्याने बाळगण्याचे कारण नाही. आवाजाच्या कसरतीसाठी भैरवाचे पलटे केव्हाही चालतात. ख्याल मात्र त्या त्या वेळीच गावा, असे मी सांगतो, कारण वर्षानुवर्षे एकाच वेळी एकच राग गाइला की ती वेळ आली की राग आपसूक गळ्याशी येतो.

एक सूचना आपल्या विषयाशी संबंधित आहे. माझ्याकडे रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी येत असे आणि तिचा आवाज दर हिवाळ्यात बसत असे. द्रावकांची बाटली फ्यूम हुडच्या, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाच्या, बाहेर उघडायची नाही आणि कॉलमसुद्धा हुडमध्येच लावायचा, एवढे पथ्य तिने कसोशीने पाळायला सुरुवात केली, वातानुकूलित खोलीत दिवसभर कोमट पाणी पीत राहिली आणि घसा बरा झाला. आवाज बसलेला असताना रियाज करू नये. त्या दिवशी ऐकावे.

ग्योटिंगेनचा तबलजी

मी मूळचा डोंबिवलीचा, सध्या जर्मनीत ग्योटिंगेन येथे भूभौतिकीत पीएच.डी. करतो आहे आणि तबला वाजवतो. आवाज न करता काय करता येईल, या तिसऱ्या प्रश्नाविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे आहे, कारण इथे रात्री दहानंतर आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळावी लागते आणि रविवार हाच माझा मोकळा दिवस असतो.

माझा निम्म्याहून अधिक रियाज पढंतीचा, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याचा, आहे. सायकलवरून संस्थेत जाताना मी एकच कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एक ठरावीक रचना, तोंडाने म्हणतो. ‘धा धा ति ट धा धा ती ना, ता ता ति ट धा धा धी ना’ हा दिल्ली घराण्याचा अगदी प्राथमिक कायदा आहे, पण त्याचे पलटे हाताने वाजवण्याआधी तोंडात स्वच्छ बसले की बोटांचे काम निम्मे झालेले असते. गायकालाही हे लागू पडते. रोटाव्हॅप या यंत्रावर द्रावक उडून जाण्याची वाट पाहताना एका हातावर सोळा मात्रांच्या तीनतालाची टाळी-खाली दाखवत बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, मनात म्हणावा, तेराव्या मात्रेवरून उठून समेवर यावे, मग अकराव्या मात्रेवरून उठावे, मग नवव्या. यासाठी ओठसुद्धा हलवावे लागत नाहीत. ब्यूटिल लिथियमसारखे हवेत पेट घेऊ शकणारे रसायन हाताळताना मात्र हे करू नये. तिथे लक्ष तिथेच हवे.

माझे गुरुजी ठाण्यात राहतात आणि आठवड्यातून एकदा आमची ऑनलाइन शिकवणी होते. हिवाळ्यात भारताची वेळ इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, त्यामुळे त्यांच्या रात्री नऊला माझे साडेचार वाजलेले असतात आणि तेवढा वेळ मी गाइडकडून रीतसर मागून घेतला आहे. इंटरनेटवर आवाज पोहोचायला अल्पसा का होईना, उशीर लागतो. त्यामुळे आम्ही दोघे एकत्र वाजवू शकत नाही. ते वाजवून थांबतात, मग मी वाजवतो. लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी सुरावट, मी माझ्याच बाजूला लावतो. आपली बुधवारची शिकवणी बुडत असेल तर गुरुजींची हरकत नसल्यास अशा एखाद्या अर्ध्या तासाची विनंती करून पाहावी. समोर बसण्याची जागा ती घेणार नाही, पण आठवडा कोरडा जात नाही.

खोलीत हीटर सुरू झाला की हवा कोरडी होते, तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, ताणली जाते आणि स्वर चढतो. डोंबिवलीच्या पावसाळ्यात नेमके याच्या उलट व्हायचे, पुडी सैल पडून स्वर उतरायचा. इथे आल्यावर मी दर वेळी वाद्य लावूनच बसायला शिकलो आणि त्या पाच मिनिटांत लॅबचे सगळे विचार मागे पडतात. आपल्या अस्वस्थतेविषयी एवढेच सुचवीन की रियाजाची सुरुवात हातोडी, खुंटी किंवा तानपुऱ्याचा मणी अशा कशाने तरी व्हावी. मोबाइलवरचे तानपुऱ्याचे ऍप सोयीचे आहे, पण त्याच मोबाइलवर गाइडचा संदेशही येतो.

भोपळा आणि दांडी

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी भौतिकशास्त्राचा आहे आणि तानपुऱ्याच्या जवारीविषयी, म्हणजे त्याच्या गुंजणाऱ्या नादाविषयी, थोडे वाचन केले आहे.

आपण सांगलीच्या, म्हणजे मिरज आपल्याला घरासारखेच. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्या कानावर आले असेलच. शक्य असल्यास मिरजेचा एखादा लहान तानपुरा खोलीत आणा. फेलोशिपच्या रकमेतून काही महिने बाजूला काढावे लागतील, पण त्याने रियाजाची जात बदलते. तार एखाद्या बिंदूवर छेडली, तर मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या ज्या वरच्या स्वरांचा, म्हणजे उपस्वरांचा, निष्पंद (न हलणारा बिंदू) तिथे पडतो ते उमटू नयेत, असे तारेच्या कंपनाचा सरळ सिद्धांत सांगतो. तानपुऱ्यात ते उमटतात. याचे कारण घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा. ती सपाट धारेची नसून रुंद आणि किंचित वक्र असते, कंप पावणारी तार तिला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि तारेखाली सरकवलेले सूत (दोरा) त्या स्पर्शाची जागा ठरवते. सूत एका जागी आले की आवाज एकदम खुलतो आणि त्या खुललेल्या आवाजात गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. सूत केसभर पुढे गेले तर तो मिटतो. हे कानाने शोधायचे असते, आणि ज्याने ते शोधले आहे त्याचा स्वतःचा गंधार लावताना कान अधिक चोखंदळ होतो, असा माझा अनुभव आहे.

तानपुरा आणि वीणेच्या या वैशिष्ट्यावर सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास लिहिले आणि तबला-मृदंगाच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या लेपामुळे, चामड्यावरचे उपस्वर सुसंवादी कसे होतात यावर त्याच्या आधी, 1920 मध्ये. या रामन यांचा दिनक्रम आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. 1907 पासून 1917 पर्यंत ते सरकारच्या वित्त विभागात अधिकारी होते. मध्ये रंगून आणि नागपूर येथे बदल्याही झाल्या. कलकत्त्यात असताना कचेरीला जाण्याआधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहुबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये प्रयोग करीत. म्हणजे त्यांच्या बाबतीत संशोधन हेच नोकरीबाहेरच्या वेळेतले काम होते, आणि तंतुवाद्यांच्या कंपनांचा अभ्यास त्यांनी त्याच काळात सुरू केला. नोकरीबाहेरचा वेळ हा उरलासुरला वेळ असतो, असे त्यांनी मानले नाही. रियाजाचा तास संशोधनातून काढून घेतलेला असतो, हे आपले म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. गाणे बंद केले तर तो तास संशोधनाला मिळेलच असे नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक संशोधकांचा तो तास मोबाइलवर जातो.

ऐकण्याविषयी वर एक ओळ येऊन गेली, तिला पुस्ती जोडतो. पुण्यात राहणाऱ्याला डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव सांगायला नको. 1953 साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवासाठी रजा टाकणारे लोक मी बँकेत आणि न्यायालयातही पाहिले आहेत. पण वर्षभर होणाऱ्या लहान बैठकांकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते. शंभर-दीडशे श्रोते असलेल्या सभागृहात गायक तानपुरे कसे लावून घेतो, षड्ज लावल्यावर किती वेळ तिथेच थांबतो, हे पहिल्या रांगेत बसून पाहता येते आणि पुष्कळदा प्रवेश विनामूल्य असतो. आपल्या मंडळींपैकी कोणाला घेऊन जा. लॅबमधली एखादी परप्रांतीय मैत्रीण एका बैठकीनंतर गाण्याची कायमची श्रोती झाल्याचे मी पाहिले आहे.

प्रयोगशाळेतली

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती.

आमच्या इमारतीतल्या चर्चासत्राच्या खोलीसाठी मी लेखी अर्ज दिला आणि सकाळी सात ते पावणेनऊ या वेळेसाठी परवानगी मिळाली. अट एवढीच आहे की खोलीतला प्रक्षेपक वापरायचा नाही. खर्जाची दहा मिनिटे आणि पलटे तिथे सुरू केले आहेत. पलट्यांसाठी या महिन्यात भैरव ठेवला आहे.

विशारदविषयी दोन्ही बाजू वाचून मी गुरुजींशी सविस्तर बोलले. परीक्षेला पुढच्या वर्षी बसावे, आणि यंदा लेखी विषयाची तयारी बसमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत करत राहावी, असे त्यांनी सुचवले. जुन्या विद्यार्थिनीताईंनी शास्त्र विसरण्याची जी भीती सांगितली ती त्यांनाही रास्त वाटली. गाण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे आणि ‘खर्ज’ सरांचे मत तंतोतंत जुळले. त्यांनी तोडी आणि बागेश्री हे दोनच राग ठेवायला सांगितले आहेत. बुधवारच्या ऐवजी अर्धा तास ऑनलाइन बसायलाही ते तयार झाले.

आता एक व्यावहारिक प्रश्न. आईच्या ओळखीने मिरजेतल्या एका कारागिरांकडे माझ्या पट्टीचा लहान तानपुरा सांगितला आहे. तो पुण्याला आणायचा आहे आणि माझ्याकडे गाडी नाही. कोयना एक्स्प्रेसने आणला तर चालेल का? भोपळ्याला धक्का लागण्याची भीती वाटते.

खर्ज

कोयनेने जरूर आणा, कारण ती दिवसाची गाडी आहे आणि वाद्यावर लक्ष ठेवता येते. मात्र सोबत कोणीतरी असावे. कारागिरांना आधीच सांगून तारा उतरवून घ्या, पण पूर्ण सोडू नका, थोडा ताण राहू द्या, म्हणजे घोडी जागची हलणार नाही. घोडीवर मऊ कापडाची घडी ठेवून ती सुती पट्टीने भोपळ्याभोवती बांधावी. खुंट्यांवरही कापड गुंडाळावे. गवसणी जाड कापूस भरलेली मागा आणि भोपळ्याच्या खाली उशी ठेवा. वरच्या फळीवर वाद्य कधीही ठेवू नये. खिडकीजवळची जागा घेऊन ते उभे धरावे, भोपळा पायांच्या मध्ये आणि दांडी खांद्याला टेकलेली.

पुण्यात पोहोचल्यावर लगेच स्वरात चढवू नका. एक रात्र तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी आधी जोड (मधल्या दोन तारा), मग पंचम आणि शेवटी खर्जाची तार, असा थोडा थोडा ताण वाढवत लावा. सूत नव्याने बसवावे लागेल. बागेश्रीसाठी पहिली तार मध्यमावर लावून पाहा आणि कोणत्या लावण्यात आपला गंधार अधिक सहज लागतो, ते रविवारी गुरुजींच्या कानावर घाला.